दारं धरताना

यंत्रात जायच्या आधी बांगड्या काढायला सांगितल्या.
डाव्या हातातली एक निघेना. साबण लावला, तेल लावलं.
रय्या म्हणाली, "सोनंच आहे, राहू दे, खाला,"
आणि वरून पांढरी पट्टी गुंडाळली,
जणू मनगटच मोडलंय.

कानांत बोळे. तळहातात बटण.
"आकडे दिसतील. दोन घरं मागचा आकडा
पुन्हा आला की दाबा.
बाकी कशाचाही विचार करू नका."

बाकी कशाचाही!
सात. तीन. सात. दाबलं.
नऊ, आणि नवाच्या पोटात मोठ्या वन्संचं नऊवारी,
ओच्यात भिजलेले हरभरे.
चार, म्हणजे चौथ्या खाटेवरची ती बदू बाई,
कळा सोसताना ओरडली नाही,
नुसती माझी करंगळी चावली.
सहा.
चार.
निसटला.

नंतर तिने पडद्यावर दाखवलं.
पंचविशीतल्या कुणा पोराचा मेंदू:
हिरवे ठिपके हिरव्यांशी घट्ट, निळे निळ्यांशी,
मधे एखाददुसरा दोरा, तोही बिचकत गेलेला.
मग माझा.
घरातल्या घरात गाठी सैल,
आणि दोरे सगळे शेजारी निघालेले.

"आजार नाही हा," ती घाईने म्हणाली,
"निरोगी माणसाचंही वय झालं की असंच होतं."
मी विचारलं, बरं की वाईट?
तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं.
"त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे."

काल दाराशी उभी राहून
'किल्ली' हा शब्द शोधत होते.
आला तो 'मिफ्ताह',
आणि त्याच्यामागून मिफ्ताह नावाचा अँब्युलन्सवाला,
त्याची शिट्टी, त्याच्या डब्यातला सुका शार्क,
निझवाच्या इस्पितळामागचं जांभळं ऊन.
किल्ली हातातच होती.

संध्याकाळी फलजवर गेले.
अरीफ खलफान म्हातारा झालाय, माझ्याहूनही.
पूर्वी काठीच्या सावलीवरून पाणी वाटायचा:
इतक्या पावलांना अमक्याची खजूर, तितक्यांना तमक्याचं लिंबू.
आता मनगटावर घड्याळ आहे, पण नजर सावलीकडेच जाते.
दगड लावतो, त्याला चिंध्या कोंबतो,
तरी शेजारच्या वाफ्यात ओल जातेच.

आमच्या आसूला दादा रात्री दारं धरायचे.
मी कंदील घेऊन बांधावर.
पाट फुटला की शिव्या,
मग खोऱ्याने चिखल, मग पुन्हा शिव्या.
नव्या पाटाची ही कटकट नसे.
जुन्याच्या अंगाला उंदरांची बिळं, मुळ्या, खेकडे,
पाणी कुठून कुठे निघेल त्याचा नेम नाही.
आमचा ऊस सुकला त्या वर्षी, ते खरंच.
पण त्या फुटक्या बांधावर एक तूर आली होती
कुणीही न पेरलेली.
दादांनी ती उपटली नाही. शेंगा मात्र
शेजाऱ्याला न विचारता तोडल्या.

खलफानला मी हे सांगायला गेले,
अर्धं अरबीत, अर्धं कशात कुणास ठाऊक.
तो म्हणाला, "लिंबाला खजुरीचं पाणी पुरतं,
खजुरीला नाही पुरत."
आणि चिंधी बदलायला वाकला.

रय्याला मी सांगून बसले होते
की तिचा जन्म माझ्याच हातचा,
पायाळू होती, दोन तास लागले.
तिने माझा हात हातात घेतला.
आज पहाटे तीनला डोळे उघडले आणि लख्ख दिसलं:
पायाळू तिची मावसबहीण, थुरय्या.
रय्याच्या वेळी मी सुट्टीवर, फलटणला,
लग्नातले लाडू वळत.

सांगावं का तिला?
फोनवर बोट ठेवलं. पट्टी अजून मनगटावर तशीच होती.
ती सोडवू लागले, आणि मधेच
कुणाची तरी पाळी संपायला किती वेळ उरलाय
ते मोजत बसले.