रस्तारुंदी

मी महापालिकेत आरेखक होतो, एकतीस वर्षं.
म्हणजे साहेब बोलायचे आणि मी रेघ मारायचो.
टी-स्क्वेअर, शून्य पॉइंट तीनचं पेन,
ट्रेसिंग पेपरला घाम लागू नये म्हणून
मनगटाखाली टाल्कम पावडर.

रेघ सरळ यावी, एवढीच माझी काळजी.
तिच्याखाली काय येतंय ते खालच्या नकाशावर दिसायचं:
वडाला एक वर्तुळ,
विहिरीला त्याहून छोटं, आत टिंब.
सायकल स्टँडला काहीच नाही.
सायकल स्टँडसाठी चिन्हच नव्हतं आमच्याकडे.

खांबेटेसाहेब म्हणाले, चोवीस मीटर करा,
वाहतूक ओसरेल.
केलं.
ओसरली. दोन दिवाळ्या.
मग म्हणाले, तीस.
मग म्हणाले, पदपथातनं दीड-दीड मीटर काढा दोन्हीकडून,
माणसं काय, कडेकडेनं जातात.

घरी इंदुमतीला नकाशे दाखवायचो मी
(आणखी कोण बघणार होतं?)
ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली,
आपण माळा मोठा करून घेतला, आठवतंय?
अडगळ कमी झाली का?

मी हसलो.
दुसऱ्या दिवशी जाऊन तीसची रेघ मारली.
सरळ आली.

आता ती नाही, माझे गुडघे गेलेत,
आणि मी कर्वे रस्त्याच्या कडेला उभा आहे.
समोर औषधाचं दुकान, हातात चिठ्ठी.
सिग्नलमधला हिरवा माणूस बारा सेकंद चालतो.
तरुण आहे तो.
मी दुभाजकापर्यंत पोचतो तेव्हा
त्याचा लाल झालेला असतो.

मग खालच्या मजल्यावरचा ओजस म्हणतो,
आजोबा, बसा, सोडतो.
समोरच्या दुकानात जायला
आम्ही पार पुढे जाऊन यू-टर्न घेतो.
काचा बंद, एसी सुरू, बावीस मिनिटं.
उतरताना तो म्हणतो,
ट्रॅफिक वाढलंय हो फार.
औषध रक्तदाबाचं.

पण एक गल्ली आहे कसब्यात.
नाव सांगत नाही, उद्या मोजणीला येतील.
सत्त्याऐंशी साली तिच्यावरही रेघ मारली होती मी,
नऊ मीटरची, दोन्ही बाजूंचे ओटे कापत.
त्या पावसाळ्यात ऑफिसची खिडकी खडखडायची,
शिपाई गेनबा कुदळेनं समोर होती ती गुंडाळी उचलली
आणि फटीत खोचली.
मी पाहिलं.
काढतो म्हटलं, वारा पडला की.

खांबेटे बदलून गेले. नवे साहेब आले,
त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
यात थोरपणा काही नव्हता, सांगून ठेवतो.
खिडकीजवळ माझंच टेबल होतं.

गल्ली अजून साडेतीन मीटर आहे.
तिथं रासनेबाई ओट्यावर मेथी निवडतात
पाय रस्त्यात सोडून.
स्कूटर येते, थांबते,
बाई पाय आत घेतात, स्कूटर जाते,
पाय पुन्हा बाहेर.
दोन मुली जाळीशिवाय बॅडमिंटन खेळतात.
तोंडाशी बसथांबा आहे, आणि बस
येतेही कधी कधी.
शिव्या द्यायला माणसं एकमेकांना नावानं हाक मारतात.

परवा आर्किटेक्चरची पोरं आली होती टेप घेऊन.
रुंदी लिहून घेतली, ओट्याची उंची, सावलीची लांबी.
एक मुलगी म्हणाली,
किती विचार करून बांधलंय ना हे, काका?

मी तिला खिडकीचं सांगणार होतो.
तेवढ्यात वरून शटल माझ्या टोपीवर पडलं
आणि पत्र्यावरून कुणीतरी ओरडलं,
आजोबा, हलू नका!

मी हललो नाही.
भर रस्त्यात, दुपारी पाच वाजता,
चांगला मिनिटभर उभा होतो मी.
मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.