साय

काल रात्री मटण हाणलंय का हो?
मुजावर सिस्टरनं नळी ट्यूबलाइटकडं धरून विचारलं.
वर स्वच्छ पिवळं पाणी यायला हवं होतं,
आलं होतं ताक.
साडूच्या नातवाचं जावळ होतं, मी म्हटलं,
तांबडा दोन वाट्या.
पांढरा मोजला नाही.
तिनं फॉर्मवर रेघ मारली. परवा या,
चाचणीपुरतं रक्त ठेवून घेते.

राजारामपुरीतून स्कूटर काढली ती मान खाली घालून.
चोवीस वर्षं डेअरीत सेपरेटर चालवतो मी.
फॅट लपत नाही,
हे मला कुणी शिकवावं?
पाणी घातलेलं दूध
कॅनचं झाकण उघडतानाच ओळखलंय,
आणि माणसांच्या तोंडावर सांगितलंय.

दोन दिवस भाकरी, मुगाची आमटी.
बायको म्हणाली, एवढं पथ्य
माझ्या बाळंतपणात मी पाळलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी आकडा आला,
तीन लाख दहा हजार.
झकास काउंट आहे, सिस्टर म्हणाली,
आणि मला उगाचच
गंगावेशीच्या कट्ट्यावरल्या म्हशीसारखं वाटलं,
जिच्याभोवती गिऱ्हाईक पेला घेऊन
धारेची वाट बघत थांबतं.

दंडातून रक्त निघालं.
झाकणामागं भांडं गरगरलं.
आवाज ओळखीचा,
आमच्या मशिनीचा धाकटा भाऊ असल्यासारखा.
साय वेगळी झाली, पातळ केलेल्या काकवीच्या रंगाची,
ती वर टांगलेल्या पिशवीत.
बाकीचं त्याच दंडातून परत,
येताना मात्र गार.
आम्ही फिकं दूध म्हशीला परत देत नाही, मी म्हटलं.
ती हसली. ओठांना मुंग्या येतात का?
येत होत्या.
तिनं कॅल्शियमची गोळी दिली.
दूधवाल्याला. कॅल्शियमची.

पिशवी एका कपाटात गेली,
आतल्या फळ्या हलत होत्या,
डावीकडं, उजवीकडं, न थांबता.
ठेवून दिली तर गोळा होतात, सिस्टर सांगत होती,
फ्रीजमध्ये घातल्या तर वाया जातात,
आणि आयुष्य पाचच दिवसांचं.
पाचवीच्या रात्री सटवाई येते,
तिच्यासाठी पाटावर कोरा कागद ठेवतात.
ह्या पिशवीवर आधीच लिहून झालं होतं:
बी पॉझिटिव्ह, तारीख, वेळ.
नाव नाही.

खाली गाड्यावर चहात खारी बुडवत होतो,
तेवढ्यात जिन्यानं एक म्हातारा उतरला,
धोतर, पायात गावाकडच्या जाड वहाणा.
एका हातात थर्माकोलचा डबा, रिकामा, ओला,
बर्फ वरच ओतून टाकायला लावला असणार.
दुसऱ्या हातानं छातीशी टॉवेल,
टॉवेलातून काकवीचा रंग जरासा बाहेर.
सीपीआरला रिक्षा कुठून मिळंल, त्यानं विचारलं.
कोण आजारी आहे, हे माझ्या ओठांपर्यंत आलं,
अजून मुंग्या होत्या तिथं.
मी बाही खाली ओढली, पट्टीवरून.
हलवत न्या म्हणाल्यात बाई, तो म्हणाला,
आणि उभ्या उभ्या हलवतच होता,
डावीकडं, उजवीकडं,
टॉवेलाकडं न बघता,
हाताला सवय असल्यासारखा.

मी रिक्षा थांबवली, त्याला आत बसवलं.
सावकाश ने भावा, मी म्हटलं,
पण खड्डे चुकवू नको.