पावती

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीत
आता प्रदर्शनं भरतात.
जानेवारी. दुपारचे साडेतीन, आणि बाहेर दिवे लागलेले.
मोरॅग किनेअर्ड नावाच्या बाईंनी
दुकानातलं बिलाचं यंत्र मधोमध मांडलंय,
बाकी हॉल रिकामा.
आईबापाची माहिती भरा, मूल छापून मिळेल.

कृत्तिका स्टुलावर चढते.
बाबाची उंची. बाबाचं टक्कल.
माझा दमा, माझे घारे डोळे.
चिडकेपणाला रकाना नाही म्हणून हिरमुसते.

यंत्र कुरकुरतं, जीभ काढून दाखवतं:
मुलगी. पाच फूट चार.
डोळे घारे. हात उजवा.
दमा वगळला.
एकूण,
आणि पुढे काहीच नाही.

पाचवीच्या रात्री कोरा कागद ठेव,
आत्यानं वाईहून फोनवर बजावलं होतं,
सटवाई येते लिहायला.
मी प्रिंटरमधला ए-फोर ठेवला,
पेन क्लिनिकचं, त्यांचं नाव छापलेलं.
सकाळी कागद तसाच.
विश्राम म्हणाला, तिच्या आधीच कुणीतरी लिहून गेलंय.
मी हसले, टाके दुखेपर्यंत.

पडद्यावर पाच ठिपके होते,
भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे.
तरुण डॉक्टरीण म्हणाली, हा बरा वाटतो.
तो घेतला.
चार अजून आहेत, उणे एकशे शहाण्णवला.
दर एप्रिलला पत्र येतं, ठेवायचे का?
मी खूण करते, पैसे भरते,
विश्रामही विचारत नाही.

"हिला दमा नाही," कृत्तिका वाचते,
"मलाही नाही.
पण ही उजव्या हाताची.
म्हणजे ही मी नाही."
मग नाक पुसून,
"ही माझी बहीण का?"

दारावरचा म्हातारा वाकून म्हणाला,
जप हं पोरी, ही शाई उडते,
उन्हात ठेवलीस तर वैशाखापर्यंत कोरी.
(वैशाख तो म्हणाला नाही. मे म्हणाला.)
तिनं घडी घातली, डाव्या हातमोज्यात सरकवली,
आणि बसमध्ये तो हात
खिशातून काढलाच नाही.

रात्री मटार काढायला फ्रीजर उघडला.
पिशवीखाली पावती,
सॅंडविचच्या पिशवीत, तोंड नीट बंद केलेली,
वर डावखुऱ्या तिरक्या अक्षरात
एक नाव.

मी दार लावलं.
पुन्हा उघडलं.
मटार तसेच राहिले.