तांब्याची पट्टी

चांदिवलीला, तिसऱ्या हॉलमध्ये, सर्व्हरच्या रांगेसमोर
दोन पट्ट्या टांगल्यात मी नायलॉनच्या दोऱ्याने.
एक तांब्याची, एक चांदीची, बोटाएवढ्या.
हातमोजे घालूनच धरायच्या,
माणसाचा घामसुद्धा त्यांना बाधतो.
तीस दिवस त्यांनी काही करायचं नाही.
नुसतं लटकायचं, हवा खायची
आणि किती काळ्या पडलो ते सांगायचं.

थेरगावकर साहेबांना बाहेरची हवा आत घ्यायची होती.
डिसेंबरची पहाट, म्हणाले, फुकटची थंडी आहे,
चिलर झोपवा, झडपा उघडा,
मग बघा मीटर कसा रांगतो.
रांगला.
चार रात्री रांगला, आम्ही चहा जास्त प्यायलो.
पाचव्या रात्री वारा फिरला.
ओहोटीचा चिखल, देवनारच्या ढिगाचा धूर,
थोडं गंधक, थोडं मीठ.
साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, हा कसला वास?
मला काहीच आला नाही.
आमच्याकडे त्याला वास म्हणत नाहीत.

महिन्याने लॅबचा कागद आला, लाल शाईत एकच शब्द: तीव्र.
झडपा बंद. कोळशाचे फिल्टर, तेही दुहेरी.
मग आम्ही दुसरीकडून सुरुवात केली.
यंत्रांना एवढी हुडहुडी हवीय कशाला?
बाविसाचे सव्वीस केले, आठवड्याला एक अंश,
आजाऱ्याला पेज वाढवावी तसे, बेतानं.
रॅकमधली रिकामी घरं पत्र्याने बुजवली,
आणि गरम गल्ली, थंड गल्ली अशा तोडल्या
की आता एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत.
बिल उतरलं. साहेबांनी पेढे दिले.
पट्टी तिसाव्या दिवशीही गुलाबी.

एक पट्टी उरली होती.
मी ती डब्याच्या पिशवीतून घरी आणली.
चोरीच म्हणा.
गोवंडीला, ओट्याच्या वर, खिडकीशी टांगली,
तिथेच धाकटीचा पंप असतो, वाफेचं भांडं असतं.
गुणवंत म्हणाला, हे काय?
म्हटलं, कामाचं आहे.
सहाव्या दिवशी कडा तपकिरी.
अकराव्या दिवशी जांभळी, मोरपंखी, खोटं कशाला बोलू, सुंदर.
विसाव्याला तव्यासारखी.

कुठल्या लॅबला पाठवणार?
कुठली झडप बंद करणार?
पायातली जोडवी उजळायची मी कधीच सोडून दिलीय.

तिसाव्या दिवशी, रविवारी, रात्रपाळी करून आले
तर पट्टी लखलखत होती.
गुणवंतने तांब्याबरोबर तीही घासली होती,
चिंच आणि मीठ लावून, प्रेमानं.
किती काळी झाली होती गं, म्हणाला,
बघ आता.

बघितलं.
तारीख भिंतीवर पेन्सिलीने लिहिली,
आणि या वेळी खिळा
त्याचा हात पोचणार नाही इतका वर ठोकला.