मधलं स्टेशन

अंकाऱ्याहून माझी गाडी दहा वाजून दहाला,
इस्तंबूलहून त्याची दहा चाळीसला.
मध्ये एस्कीशेहिर.
दोन वर्षं आमचा संसार
शनिवारी सकाळी उघडायचा
आणि संध्याकाळी सातला शटर ओढून बंद.

ना त्याचं गाव, ना माझं.
म्हणून कुणाच्या आत्याने खिडकीतून वाकून पाहिलं नाही,
"मुअल्ला, या वयात?" असं कुणी विचारलं नाही.

मी औषधांच्या दुकानात बसते,
आठवडाभर लोकांचे खोकले ऐकते.
तुंजाय बोटीवर तिकिटं तपासायचा.
पाण्याचा त्याला इतका वीट
की पोर्सुक नदीच्या काठी बसलो
तरी पाठ नदीकडे आणि तोंड माझ्याकडे.
याला प्रेम म्हणायचं की नोकरीचा कंटाळा,
मी खोलात गेले नाही. फायदा माझाच होता.

काय केलं दोन वर्षं? विशेष काही नाही.
चीबोरेक खाल्ले, तेल मनगटापर्यंत.
ओदुनपाझारीच्या चढावर
रंगीत लाकडी घरं बघत हिंडलो.
पिवळं त्याच्या मनात भरलं.
मी म्हटलं, जिना अरुंद आहे,
आधी स्वतःचे गुडघे बघ.
न घेतलेल्या घरावरून दोन तास अबोला,
आणि हाताशी तास होते एकूण आठ.

एकदा पांढऱ्या दगडाचा पाईप घेतला त्याने,
तंबाखू सोडून सहा वर्षं झाली होती तरी.
म्हणाला, धरून बघ,
हातात काही नसल्यासारखा.

पण खरं सांगू?
मला सगळ्यात आवडायची ती अर्ध्या तासाची फट.
फलाटावर, कागदी कपातला चहा घेऊन,
तो अजून नाही
आणि येणार हे नक्की.
केसांवरून हात पुन्हा एकदा.
पश्चिमेकडचे रूळ आधी नुसते चमकायचे,
मग बारीक कुरकुरायचे,
मग गाडी.
हे त्याला कधी सांगितलं नाही.
गाडीतून उतरणाऱ्या माणसाला
कसं सांगायचं असं काही?

मार्चमध्ये तो कायमचा आला माझ्याकडे.
दोन बॅगा, पाईप, जिरेनियमची एक कुंडी.
शनिवार उजाडला
तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात, बनियनवर,
किटलीतले क्षार खरवडत होता.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.
पुढच्या शनिवारी पडदे धुतले.
त्याच्या पुढच्या शनिवारी
त्याच्या बहिणीचा फोन, सव्वा तास.

मग गेलो एकदा, एकाच गाडीने, शेजारी शेजारी.
दीड तास त्याने पेपर वाचला,
हवामानासकट.
उतरलो. फलाटावर आमचं कुणीच नव्हतं.
चीबोरेक तेच. पिवळं घर तिथेच.
बोट सुटलेला तो
आता नदीकडे तोंड करून बसला,
बदकं मोजत.
संध्याकाळी सातला, सवयीने,
निरोपाचा हात उचलला मी,
तर तो बाजूलाच उभा,
माझी पिशवी धरून.

त्यावर आठवडाभर कुणी काही बोललं नाही.
शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर
मी टेबलावर दोन तिकिटं ठेवली,
दोन वेगळ्या गाड्यांची.
त्याने वाचली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.
तिकीट तपासायची ती जुनी नजर.
"मी नंतरची घेतो," एवढंच म्हणाला,
आणि बुटांना पॉलिश करायला बसला.

आज चहा जरा कडक आहे.
शेजारी एक सैनिक पोरगा सिमित खातोय,
तीळ सांडतोय, चिमण्या त्याच्यामागे.
केसांवरून हात पुन्हा एकदा.
मान सवयीने पश्चिमेकडे,
रूळ रिकामे, काही कुरकुरत नाही.
आणि पाठीमागून,
माझ्याच शहराच्या बाजूने,
कुणीतरी घसा खाकरतं.
मी लगेच वळत नाही.