वर्तणुकीचा रकाना

अठ्ठावीस वर्षं दाखले लिहिले मी
खानापूरच्या पुढं, लोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या
मराठी हायस्कुलात.
नाव. जन्मतारीख, आकडी नि अक्षरी. मातृभाषा.
आणि तळाला तो रकाना: वर्तणूक.
तिथं हात आपोआप 'चांगली' लिहायचा.
शिक्काच करून घ्या की, म्हणायचा शिपाई मल्लाप्पा.

शिक्षेची वहीही माझ्याकडंच.
एकदा लाइट गेली, मेणबत्ती होती, काम नव्हतं,
म्हणून बेरीज केली.
वर्षाच्या नोंदी त्रेचाळीस.
त्यातल्या एकतीस सात पोरांच्या.
सातही सिद्दी, जंगलातल्या वाडीवरची.
शाळेचा पट शंभर.
पुन्हा मोजलं. मेणबत्तीचा दोष नव्हता.

उशिरा आला देसायांचा सुहास: समज दिली.
उशिरा आला इनास सिद्दी: पालकांस बोलावले.
वाडीची बस एकच, पावणेअकराला टेकते,
हे कुठं लिहायचं? त्याला रकाना नव्हता.

नातालीन नववीत.
नियम असा: दोन वेण्या, तांबड्या रिबिनी, तेल चापून.
तिचे केस तेल प्यायचे आणि पुन्हा उभे राहायचे,
पाय उचलला की रानातलं गवत राहतं तसे.
पी.टी.चे सर प्रार्थनेला तिला वेगळी उभी करायचे.
'केस बेशिस्त', ही नोंद माझ्याच हातची.
अक्षर छान आहे माझं.

मागच्या बाकावरून पेन्सिली खोचल्या तिच्या डोक्यात.
एका तासाला सहा.
पडत नव्हत्या, म्हणून वर्ग हसत होता,
गणिताचे सरही, थोडे, फळ्याकडं तोंड करून.
सातवीला ती वळली.
अनघा मुतगेकरचा ओठ बाकाच्या कोपऱ्यावर फुटला.

अनघाला एक टाका, घरी चार दिवस.
पेन्सिलींची नोंद नाही.
नातालीनला दाखला.

ती सात पोरं मीच आणलेली.
हेडमास्तरांबरोबर, जीप घेऊन, चिखलातनं.
पट त्र्याण्णव होता. शंभराखाली शाळा टिकत नाही,
असं वरनं आलेलं.
घरात काय बोलता, विचारलं.
बस्त्याव म्हणाला, आमचं आमचंच काय तरी, कोंकणीवानी.
मी लिहिलं: मराठी.
भाषा वाचवायची होती ना.
दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून
बेळगावात चालणारा माणूस मी.
अन्याय म्हणजे काय, मला झोपेतनं उठवून विचारा.

बस्त्याव आला कौलांच्या भट्टीवरनं तसाच,
कोपरापर्यंत तांबडी माती.
भांडला नाही. वाचता येत नव्हतं.
'क्लार्क सायबा, खाली काय लिवलंय?'
खाली लिहिलं होतं: असमाधानकारक.
मी वाचलं: चांगली.
त्यानं कागद शर्टाच्या आत घातला,
टेबलावर मधाची बाटली ठेवली
आणि गेला.
बाटली अजून आहे. मध खाली बसून साखर झालाय.

खरं एक राहिलं सांगायचं.
पटाची मोजणी तीस सप्टेंबरला.
हे सगळं ऑगस्टातलं.
म्हणून दाखल्यावर तारीख टाकली एक ऑक्टोबरची.
तोवर दुसरी शाळा तिला घेणार नाही
आणि आमचे शंभर मोडणार नाहीत.
हजेरीत रोज तिच्या नावापुढं
हजर. हजर. शनिवारी अर्धा दिवस, तरी हजर.

साहेब आले. बाकं मोजली नाहीत, पान मोजलं.
नातालीन सिद्दीच्या ओळीवरनं बोट फिरवत म्हणाले,
जंगलातनं येते आणि एक दिवस चुकलेली नाही?
नाही साहेब, म्हटलं मी.
वर्तणूक चांगली आहे.