ब्लास

कॉनमाराच्या किनाऱ्यावर
बोलण्यातल्या हेलाला ‘ब्लास’ म्हणतात,
आणि चवीलाही ‘ब्लास’च.
बोलणं तिथं आधी जिभेला लागतं,
मग कानाला.

बारब्रे बोस्टनहून परतली, सव्वीस वर्षांनी.
दुकानात मीठ मागितलं तिनं, आयरिशमध्ये,
व्याकरण अगदी जागच्या जागी.
मॅकदारानं पुडी बांधली, सुट्टे मोजले.
“शब्द आहेत गं तुझ्याकडे,” म्हणाला,
“ब्लास नाही.”

अर्धा किलो मीठ हातात
आणि आपण अळणी.

धक्क्यावर कोलीनकाका
शेवंडांचे पिंजरे विणत बसलेला.
वर न बघता त्यानं विचारलं,
तू निघालीस तेव्हा बाप काय म्हणाला होता?

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
भरती होती की ओहोटी, कळेना.
“ब्लाससुद्धा नाही.”

नकाराला चिकटला की हाच शब्द
कणभर होतो,
चकार शब्द होतो,
जो बापानं काढला नव्हता.

काकाचा सुतळी ओढणारा हात थांबला.
पुन्हा म्हण, म्हणाला.
तेवढंच.
पुन्हा.